डोस वाढवण्याआधी मीटर बसवा
बंद लूपमध्ये (तेच पाणी पाइपांतून पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या गरम किंवा थंड पाण्याच्या यंत्रणेत) गंज रोखणारं नायट्राइट टाकूनही पाणी लालसर झालं, तर डोस दुप्पट करावा का, या प्रश्नावर थोडी भर.

आधी मेक-अप लाइनवर, म्हणजे लूपमध्ये कमी पडलेलं पाणी भरणाऱ्या नळीवर, पाण्याचा मीटर लावा; तो हलला तर नवं पाणी आत जातंय. साध्या तापमानाच्या ताज्या पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. लूप खरोखर बंद असेल तर हा ऑक्सिजन लोखंडाशी संयोग पावून संपतो आणि गंजणं जवळपास थांबतं. नमुना काचेच्या बाटलीत घेऊन बाहेरून चुंबक फिरवा. काळा गाळ त्याच्यामागे धावला तर ते मॅग्नेटाइट (लोखंडाचा काळा ऑक्साइड), फार घाबरायचं कारण नाही. लाल रंग मात्र सांगतो की हवा किंवा नवं पाणी आत येतंय. बहुधा पंपाची ग्लँड (फिरत्या दांड्याभोवतीचं सील) गळत असते, नाहीतर एक्स्पान्शन टँकचा (पाणी फुगलं की सामावून घेणाऱ्या टाकीचा) दाब उतरलेला असतो आणि वरचा एअर व्हेंट हवा सोडायच्या ऐवजी आत ओढत बसतो.

नायट्राइटची मात्रा अपुरी पडली की पोलादावरचा संरक्षक थर जागोजागी फाटतो, सगळा हल्ला तेवढ्याच ठिपक्यांवर होतो आणि खड्डे पडतात. अर्धवट डोस त्यामुळे मला न टाकण्यापेक्षा वाईट वाटतो. नायट्राइटचं रीडिंग घसरतंय पण मीटर हलत नाही? मग जिवाणू तपासा, त्यातले काही नायट्राइटचं नायट्रेट करून टाकतात.

तांब्यासाठी टॉलिलट्रायझोल हे गंजरोधक वेगळं लागतं. आणि ॲल्युमिनियमचा हीट एक्स्चेंजर (उष्णता एकीकडून दुसरीकडे देणारा भाग) असेल तर पीएच ९-१० चा नेहमीचा सल्ला सोडा, साधारण ८.५ च्या वर तो धातूच विरघळू लागतो.