बाबांना दिल्लीचं युद्ध स्मारक दाखवायचंय, कोणी नेलंय का?

सत्तरीची_लेक:
नमस्कार, आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले. बाबा मराठा लाइट इन्फंट्रीत, जंगी पलटण म्हणजे पहिली बटालियन, ७१ च्या लढाईत आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला होते. आता पंचाहत्तरी उलटलीय, गुडघे गेलेत. टीव्हीवर ते दिल्लीचं स्मारक दिसलं की हातातला चहा तसाच गार होतो, पण तोंडाने कधी म्हणणार नाहीत की मला ने. अमेरिकेत म्हणे म्हाताऱ्या सैनिकांना फुकट विमानाने नेऊन स्मारकं दाखवतात, आपल्याकडे असं काही करता येईल का? आणि गुडघ्यांचं कसं?

म्हापसेकर:
ते ऑनर फ्लाइट. २००५ साली सहा छोट्या विमानांतून बारा जणांना वॉशिंग्टनला नेलं तिथून सुरू झालं, देणग्यांवर चालतं, सैनिकाला एक पैसा पडत नाही, सोबतचा माणूस मात्र स्वतःचा खर्च स्वतः करतो. आपल्या गोव्यात देवदर्शनाला सरकारी ट्रेन जाते ना तिरुपती, शिर्डी, वेलंकणीला, मग एक ट्रेन मडगावहून दिल्लीला या लोकांसाठी का नको? खरंच सांगतो, हे मागायलाच हवं. पाच-दहा घरांनी मिळून पणजीला सैनिक कल्याण खात्यात लेखी अर्ज द्या, मी सही करायला येतो.

डिचोलीकर_७७:
ताई, अर्ज जरूर करा पण त्याची वाट बघत बसू नका. मी गेल्या डिसेंबरात काकांना नेलं. तिकीट वगैरे काही नाही, प्रवेश फुकट. आवार खूप मोठं आहे, त्यामुळे व्हीलचेअर हवीच, लाजू देऊ नका. त्याग चक्र म्हणून स्मारकात नावांचं वर्तुळ आहे, तिथे भिंतीच भिंती आहेत, प्रत्येक शहीदाची वेगळी ग्रॅनाइटची पाटी, सोनेरी अक्षरं. काकांना एकच नाव हवं होतं, एकाच बराकीतला दोस्त. सापडल्यावर खुर्चीतून उठले, चष्मा काढला आणि नावावरून बोट फिरवलं, एकेक अक्षर, शाळेतली पोरं पाटीवर गिरवतात तसं. मग टोपी सरळ करून सॅल्यूट. मी मागे उभा राहून नुसता रडत होतो. म्हणून सांगतो, आधी घरी बसून बाबांकडून नावं आणि पलटणी लिहून घ्या, तिथे शोधायला स्क्रीन आहेत पण नाव अर्धवट असेल तर दमछाक होते. आणि संध्याकाळपर्यंत थांबा, सूर्यास्ताला रोज एका शहीदाच्या घरचे लोक येऊन पुष्पचक्र वाहतात.

माजी_हवालदार:
बाळ, दिल्ली लांब, आधी बेळगावला ने. चोर्ला घाट चढलात की पोचलात, आमच्या रेजिमेंटचं सेंटर तिथेच, रेजिमेंटच्या शहीदांचं शर्कत स्मारकही तिथेच. लष्करी हद्द आहे, आधी फोन करून विचार आणि त्यांचं डिस्चार्ज बुक बरोबर घे. ड्रिल चालू असताना ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ कानावर पडली ना, की गुडघे आपोआप सरळ होतात. दिल्लीला थंडीत जा पण धुकं सुरू व्हायच्या आत, ट्रेन तासन्‌तास अडकतात. राहायला सैनिक विश्रामगृहाचं आधी बुकिंग कर.

सत्तरीची_लेक:
काल रात्री वही घेऊन बसले. बाबांनी चार नावं सांगितली, चौथ्याचं गाव आठवेना म्हणून पहाटे तीनला उठून मला हाक मारली. आठवलं होतं. रविवारी बेळगाव.