ब्रेकिंगच्या 'सिक्स स्टेप'मध्ये चौथ्या मोजणीला अडकते. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वय ३६, राहणार नाशिक. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमधलं ब्रेकिंग (हिप-हॉपमधला ब्रेकडान्स) पाहिलं, जपानच्या आमीला सुवर्ण मिळालं, तेव्हापासून हे शिकायचं मनात आहे. डोक्यावरच्या गिरक्या मला नकोत. हात जमिनीला टेकवून पाय गोल फिरवतात ते फुटवर्क हवंय. लहानपणी पाच वर्षं तबला शिकले आहे आणि ते पाय मला बोलांसारखे ऐकू येतात.

गावात शिकवणारं कुणी सापडलं नाही, त्यामुळे व्हिडिओ बघून तीन महिने घरीच सराव करते आहे. उभ्याने करायचा टॉपरॉक जमतो. सिक्स स्टेपमध्ये, म्हणजे सहा मोजण्यांत पायांची एक गोल फेरी, ओणवी होऊन उजवा पाय पुढून डावीकडे टाकते (डावा हात वर), मग डावा पाय उजव्याच्या मागे, मग उजवा बाजूला उघडून खेकड्यासारखी, पोट वर. इथवर ठीक. चौथ्याला डावा पाय उजव्याच्या पुढून आणायला गेले की बूड जमिनीला टेकतं. तिसऱ्या फेरीपर्यंत उजवं मनगट दुखायला लागतं. खाली शहाबादी फरशी आहे.

आणि गाण्यावर करताना माझी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकते. असं का होतं?

प्रतिसाद १

ताई, तुमचं वजन तिसऱ्या मोजणीनंतरही उजव्या हातावरच राहतंय. म्हणून मनगटही तेच दुखतं. खेकड्याच्या स्थितीत दोन्ही हात खाली हवेत. तिथे थांबा, वजन डाव्या हातावर घ्या, उजवा हात पूर्ण उचलून दाखवा आणि मगच डावा पाय हलवा. आठवडाभर एवढंच करा, गाणं न लावता.

टाचा टेकवू नका, चवड्यांवर राहा. चौथं पाऊल लांब टाकलं की कंबर खाली जाते, पाय अंगाजवळून आणा. टेकलेल्या हाताची बोटं पसरलेली आणि खांदा बरोबर त्या हाताच्या वर. सुरुवातीला मनगटं दोन-तीन मिनिटं फिरवून मोकळी करा. दुखायला लागलं की त्या दिवशी बंद, आणि दुखणं राहिलंच तर डॉक्टरांना दाखवा. मी घाई केली आणि दीड महिना बसून राहिलो.

शहाबादीवर फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा चिकटपट्टीने पक्का बसवा. न्यूयॉर्कची पोरं रस्त्यावर पुठ्ठाच अंथरायची.

प्रतिसाद २

समेचं उत्तर तुमच्या तबल्यातच आहे. गाणं केरव्यासारखं आठाचं चालतं आणि तुमची फेरी दादऱ्यासारखी सहाची. पहिली फेरी संपते तेव्हा आवर्तनाच्या दोन मात्रा उरतात. चार फेऱ्या सलग केल्या की २४ मोजण्या होतात, तीन आवर्तनं पुरी, आणि सम आपोआप गाठते. नाहीतर सहा करून उरलेल्या दोनांत एक फ्रीझ घ्या, म्हणजे एका पोझमध्ये स्थिर थांबा. मला दुसरा मार्ग जास्त आवडतो, कारण थांबणंही तालातच होतं.

गाणं निवडताना नुसत्या ड्रमचा तुकडा असलेलं घ्या. ११ ऑगस्ट १९७३ ला ब्रॉंक्समध्ये १५२० सेजविक अव्हेन्यूला डीजे कूल हर्कने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर लावून तो ड्रमचा तुकडा, म्हणजे ब्रेक, लांबवायचा. त्या तुकड्यावर नाचणारे ते बी-बॉय. हा नाच मुळात त्या ड्रमसाठीच आहे. सूर, शब्द बाजूला ठेवून फक्त बास ड्रम ऐका आणि पहिली मोजणी त्यावर टाका.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. दहा दिवस हात बदलण्याचाच सराव केला. काल पुठ्ठ्यावर सलग चार फेऱ्या झाल्या, कंबर एकदाही टेकली नाही, आणि चौथ्या फेरीनंतरची सम बरोबर बास ड्रमवर आली. डोळ्यांत पाणी आलं हो! मनगटही दुखलं नाही.

आता उलट दिशेने, डावा पाय आधी टाकून, ते आतापासूनच सुरू करू की ही बाजू अजून पक्की होऊ देऊ?

प्रतिसाद १

आतापासूनच. रोज दोन फेऱ्या, पण पुन्हा हात बदलण्यापासून.