आईची सगळी कामं एकाच बाईच्या गळ्यात कशाला?

बायको वारलेल्या एका बाबांना इथे 'मुलगी लहान आहे तोवर दुसरं लग्न उरकून टाक, तिला आई हवी' असा सल्ला मिळालाय. तो काळजीपोटीच आलाय, पण मला नाही पटला. मी प्राथमिक शाळेत असताना आई गेली आणि बाबांनी लग्न केलं नाही. पंचवटीतल्या आमच्या वाड्यात शेजारच्या काकू रोज शाळेआधी माझ्या वेण्या घालायच्या, इतक्या घट्ट की भुवया ताणल्या जायच्या. पाळी आली तेव्हा बाबांनी त्यांचंच दार वाजवलं आणि स्वतः उगाच घाटावर फिरायला निघून गेले. पहिली ब्रा मात्र ओझरच्या मावशीने मेनरोडवर घेऊन दिली. तिथेही तिने मोठ्या आवाजात घासाघीस करून मला लाजेने अर्धमेलं केलं, ते सोडा. बारावीनंतर नर्सिंगसाठी बाबांशी भांडली ती आत्या. (सावत्र आई वाईटच असते असं अजिबात नाही हं, माझ्या मैत्रिणीची फार चांगली होती.)

पैशाचं कुणी लिहिलं नाही म्हणून सांगते. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना एक पालक गेलेल्या मुलांसाठीही आहे. निकषांत बसलं तर १८ वर्षांपर्यंत दरमहा २२५० रुपये मिळतात, आधी ११०० होते. चौकशी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करा. जाताना आईच्या मृत्यूचा दाखला आणि मुलीचं आधार कार्ड सोबत ठेवा, नाहीतर हेलपाटा पडतो.