मदत हवी आहे: मानकं बनवणाऱ्या गटाच्या चेअरचं (अध्यक्षाचं) काम उरकत नाही, वाटून कसं द्यायचं?

टिळकवाडी_नेट
रोज रात्री बसलं तरी ढीग तसाच. लास्ट कॉल (मसुद्यावर शेवटच्या हरकती मागवणं) लावायचे राहिलेत, बैठकीचे मिनिट्स (इतिवृत्त) राहिलेत, वर लेखकांची मेल: आमच्या ड्राफ्टचं (मसुद्याचं) काय झालं? काम बिनपगारी, दिवसा नोकरी. सोडायचं नाहीये, हलकं कसं करायचं तेवढं सांगा. जरा लवकर.

शहापूर_गल्ली
संस्था कुठली? लास्ट कॉल म्हणताय म्हणजे आयईटीएफ (इंटरनेटची मानकं बनवणारी संस्था) असावी. वर्किंग ग्रुपचे चेअर की एरिया डायरेक्टर (एका विषयाच्या ग्रुपवर देखरेख करणारा)? डायरेक्टरला पंधरवड्याच्या गुरुवारच्या बैठकीआधी दुसऱ्या एरियांचे ड्राफ्टही वाचून मत नोंदवावं लागतं. तिथं उपाय वेगळे.

उद्यमबाग_कास्टिंग
आपल्या फौंड्रीवाल्यांनी (ओतकामवाल्यांनी) भारतीय मानक ब्युरोच्या समित्यांवर जायलाच पाहिजे. आयएस २१० (ओतीव लोखंडाचं मानक) रोज वापरतो, पण मसुदा फिरतो तेव्हा आपल्याकडून एक सूचना जात नाही. कलम क्रमांक, हरकत आणि बदललेलं वाक्य, तिन्ही लिहून पाठवा. नुसत्या हरकतीवर काही होत नाही.

टिळकवाडी_नेट
मुद्दा बरोबर आहे, पण वेगळा धागा काढा की. आयईटीएफच, वर्किंग ग्रुप चेअर.

निपाणीकर
ड्राफ्ट किती? को-चेअर, सेक्रेटरी आहेत का? शेफर्ड (ड्राफ्ट मंजुरीपर्यंत सांभाळून नेणारा) कोण?

टिळकवाडी_नेट
अकरा. को-चेअर अमेरिकेत, पश्चिम किनाऱ्यावर, त्यामुळे ऑनलाइन बैठक इथं रात्री दीडला. सेक्रेटरी नाही. शेफर्ड सगळ्यांचा मीच.

निपाणीकर
मग तिथंच अडलंय. चेअरनंच शेफर्ड व्हावं असं बंधन नाही, आरएफसी ४८५८ वाचा (आरएफसी म्हणजे प्रसिद्ध झालेला क्रमांकित दस्तऐवज). त्या ड्राफ्टचा लेखक नसलेला, ग्रुपची मेलिंग लिस्ट नियमित वाचणारा कुणीही चालतो. नेमणूक वर्किंग ग्रुप लास्ट कॉलच्या आधी करा. राइट-अपमध्ये (शेफर्डनं ड्राफ्टसोबत द्यायच्या अहवालात) एकमत किती ठाम, विरोध कुणाचा होता हे विचारतात. उशिरा नेमलेल्या शेफर्डला लिस्टचं अख्खं आर्काइव्ह उपसावं लागतं आणि तो शेवटी तुम्हालाच विचारत बसतो.

शेफर्डकडे द्या: निट्स (मांडणीतल्या बारीक चुकांची) तपासणी, पेटंट खुलाशाबद्दल प्रत्येक लेखकाचा लेखी होकार, नॉर्मेटिव्ह संदर्भ (मानक पाळायला वाचावेच लागतात असे). स्टँडर्ड्स ट्रॅकवरचा (मानक व्हायचा) ड्राफ्ट इन्फर्मेशनल (नुसत्या माहितीच्या) आरएफसीवर टेकलेला असेल तर ते आयईटीएफ लास्ट कॉलच्या (ग्रुपनंतर सगळ्या आयईटीएफकडून मत मागवण्याच्या) नोटिशीत लिहावं लागतं. राहिलं तर लास्ट कॉल पुन्हा घ्यायची वेळ येऊ शकते, म्हणजे आणखी दोन आठवडे. एकमत झालं की नाही हा निर्णय मात्र चेअरनी कुणाला देऊ नये.

शहापूर_गल्ली
शेफर्ड वाटून आवक थांबत नाही. अकरा हेच जास्त. दोन पुढे गेल्याशिवाय नवा घेऊ नका. घेताना लेखक सोडून तिघांनी पूर्ण वाचून लिस्टवर लिहिलेलं असावं. नुसतं 'पाठिंबा आहे' मोजायचं नाही. असे लोक नंतर परीक्षणाला सापडत नाहीत.

निपाणीकर
तिघांची अट लहान ग्रुपला झेपत नाही हो. चांगला ड्राफ्ट बाहेरच पडून राहील.

शहापूर_गल्ली
वाचायला तिघं नसतील तर तो ग्रुपचा ड्राफ्टच नव्हे. घेऊन रखडवण्यापेक्षा लेखकाला आज नाही म्हणा. मुदती गेलेले माइलस्टोनही (ग्रुपनं जाहीर केलेले टप्पे) एरिया डायरेक्टरशी बोलून बदलून घ्या. जुन्या तारखा बघूनच लेखक मेल पाठवत राहतात.

खानापूर_माळ
ऑनलाइन बैठका रात्री दीडला का? पावसात आमच्याकडे लाईट त्याच वेळी जाते. राऊटरला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस घ्या, फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही. अॅडॅप्टरवरचे व्होल्ट, अँपिअर आणि पिनची पोलॅरिटी जुळली पाहिजे.

टिळकवाडी_नेट
लाईटचा प्रश्न नाही. दीडला बैठक होते हे खरं, को-चेअरच्या दुपारी.

निपाणीकर
ती १५:०० यूटीसीला (जागतिक प्रमाण वेळ) ओढा. तुमच्याकडे रात्री साडेआठ, त्यांच्याकडे सकाळी सात-आठ. आणि सेक्रेटरी नेमाच, आरएफसी २४१८ मध्ये १९९८ पासून ते पद आहे. मिनिट्स, अजेंडा, स्लाइड चढवणं त्यांच्याकडे. मिनिट्समध्ये प्रत्येक वाक्य नको: निर्णय, त्याचं कारण, कुणी काय करायचं. बैठकीतला निर्णय लिस्टवर पक्का करणारी मेल चेअरनीच पाठवावी.

शहापूर_गल्ली
को-चेअरशी ड्राफ्टवार वाटणी करा. 'दोघं मिळून बघू' म्हटलं की लेखकाची मेल दोघांकडेही पडून राहते. प्रत्येक ड्राफ्टपुढे एकच नाव, आणि ते लेखकालाही कळवा.

टिळकवाडी_नेट
वाटणीची मेल आज जाते. एक शंका: एका ड्राफ्टचा लेखक दुसऱ्याचा शेफर्ड चालेल?

निपाणीकर
चालतो. दोन ड्राफ्ट एकमेकांवर टेकलेले असतील तर टाळा, कारण स्वतःचा पुढे न्यायला तो दुसऱ्याची घाई करेल.