आयसीयूतून वॉर्डात आणलं अन् त्याच रात्री मोठेबाबा गेले

प्रश्न (आर्णी तालुका, यवतमाळ):
मोठेबाबा, वय ५८. कपाशीवर फवारणी करून आले अन् उलट्या, तोंडाला फेस. दोन दिवस आयसीयूत होते. तिसऱ्या दिवशी रात्री नऊला "आता बरे आहेत, खाट पाहिजे" म्हणून वॉर्डात आणलं. घरी फोन करून सगळ्यांना सांगितलं, पोळीही खाऊ घालायला निघालो होतो. अकराला ते म्हणाले, "मान उचलत नाही रे बाबू." पाणी पाजलं तर नाकातून आलं. सिस्टरला दोनदा सांगितलं. चाळीस खाटांना ती एकटी, "अशक्तपणा असेल" म्हणाली. तिच्यावर राग नाही माझा. पहाटे चारला गेले.
बरा म्हणून काढलेला माणूस सात तासांत कसा जातो? शेजारचा पोरगाही फवारणीच्याच विषबाधेनं भरती आहे, त्यालाही आज वॉर्डात आणलं.

उत्तर १ (निवृत्त स्टाफ नर्स):
बाबू, मान न उचलणं हीच खूण होती. ऑरगॅनोफॉस्फेट औषधात (फवारणीच्या कीटकनाशकांचा एक प्रकार) उलट्या-फेसाची पहिली लाट ओसरल्यावर, साधारण २४ ते ९६ तासांत, मानेचे, गिळण्याचे अन् श्वासाचे स्नायू ढिले पडतात. इंटरमीडिएट सिंड्रोम म्हणतात. घाम, लाळ थांबलेली असते, म्हणून पेशंट बरा दिसतो. अॅट्रोपिननं, म्हणजे या विषबाधेवर देतात त्या उताऱ्याच्या इंजेक्शननं, ही कमजोरी जात नाही, श्वास कमी पडला तर व्हेंटिलेटरच लागतो. २०१७ ला यवतमाळात फवारणीनं माणसं गेली, तेव्हापासून मी प्रत्येक विषबाधेच्या पेशंटला तासातासाला मान उचलायला लावायची.
पोरगा उताणा झोपलेला असताना उशीवरून मान उचलायला सांगा. आवाज बारीक झाला का, गिळताना ठसका लागतो का ते पाहा. श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. १२ ते २० ठीक. बोटाच्या मशीनवर विसंबू नका, ऑक्सिजनचा आकडा उशिरा पडतो.

उत्तर २:
रात्री हलवणंही नडतं. ब्रिटनमधल्या २००० सालच्या अभ्यासात रात्री आयसीयूतून काढलेल्यांचे मृत्यू दिवसा काढलेल्यांपेक्षा जास्त निघाले, अन् त्यातले बरेच खाटेच्या गरजेपायी वेळेआधी हलवलेले होते.

प्रश्नकर्ता:
त्याच्याजवळच बसलो आहे. श्वास २६. मान उचलतो, पण लगेच खाली पडते. सकाळी राउंडला सांगू का?

उत्तर १:
सकाळी नाही, आत्ता. पाणी पाजू नका. एकानं पोराजवळ थांबा, दुसऱ्यानं ड्युटीवरच्या डॉक्टरला खाटेपर्यंत घेऊन या, अन् "फवारणीचा पेशंट आहे, मान धरत नाही" असंच सांगा.