मदत हवी आहे: २७ इंची गेमिंग मॉनिटर, पॅनल (पडद्याचा प्रकार) कोणतं घेऊ?
मंडळी, जुना टीएन पॅनलचा मॉनिटर बदलायचाय. खुर्चीत जरा खाली सरकलं की रंग उलटे दिसतात त्यावर! २७ इंच, १४४०पी रिझोल्यूशन, किमान १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) एवढं नक्की. घोडं अडलंय ते पॅनलवर: आयपीएस, व्हीए की ओएलईडी? रात्री दिवा बंद करून खेळतो, म्हणून आयपीएसचा काळा रंग राखाडी दिसेल अशी धास्ती आहे. व्हीएचा काळा झकास, पण दुकानात पाहिला तेव्हा अंधाऱ्या दृश्यात पळणाऱ्या माणसामागे काजळ फासल्यासारखं दिसत होतं. ओढूनताणून ओएलईडी परवडेल, पण दिवसभर त्यावरच एक्सेल उघडं असणार. तेच चित्र तासन्तास राहून टास्कबारचा डाग कायमचा उमटला तर? दिवसा ऑफिस, रात्री गेम असा वापर असणाऱ्यांनी काय घेतलं? वर्षभर वापरलेल्यांनी आधी सांगा.