आंबोलीच्या रस्त्यावरचे बेडूक: बादल्या पुरायच्या का?

सड्यावरचा
सड्यालगतच्या (सडा म्हणजे जांभ्या दगडाचं पठार) साधारण 300 मीटर पट्ट्यात पहिल्या पावसांत रात्री बेडूक, भेक (खरखरीत कातडीचे टोड) फार चिरडले जातात. युरोपात रस्त्याकडेला प्लास्टिकचं कुंपण घालून मध्ये मध्ये बादल्या पुरतात आणि त्यात पडलेले बेडूक उचलून रस्त्यापलीकडे सोडतात, तसं इथे जमेल का? आम्ही सहाजण आहोत.

मोरीवाला
बादल्या नकोत. वर्षाला 7000 मिमीच्या घरात पाऊस पडतो तिथे बादली बघता बघता भरते. तळाला भोकं पाडली तरी खालून पाणी चढतं. आतले भेक दमून मरतात, मोठा बेडूक पडला तर लहानांना गिळतो. शिवाय तिकडचे भेक ठरलेल्या तळ्याकडे जातात. आंबोली भेक सड्यावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो, त्यामुळे त्याची एकच वाट नसते.

त्यापेक्षा मे महिन्यात रस्त्याखालून पाणी जायच्या मोऱ्या बघा. गाळ काढा, आत एका कडेला सपाट दगड रचून पाण्याबाहेरची वाट करा. तोंडाशी उभा खड्डा असेल तर जांभ्याचे तुकडे उताराने लावा. मग मोरीच्या दोन्ही बाजूंना 25-30 मीटर गुळगुळीत प्लास्टिक: जमिनीवर 50 सेंमी, मातीत 10 सेंमी, वरची कड बेडकांच्या बाजूला वाकवलेली, खुंट्या रस्त्याच्या बाजूला. टोकं यू आकारात मागे वळवा, नाहीतर सगळे टोकाशी येऊन तिथेच चिरडतील. हिरवी शेडनेट अजिबात नको. झाडबेडूक ती चढतात आणि साप अडकतात.

रातकिडा
सिमेंटच्या गटारांचं विसरू नका. उभ्या भिंतींमुळे भेक आणि देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा, बिनपायांचा उभयचर) त्यात अडकून वाहत जातात. दर 8-10 मीटरला खडबडीत फळी तिरकी टाकली तरी पुरे, फक्त वरचं टोक रस्त्याकडे नको.

सड्यावरचा
आणि हाताने उचलायचे असतील तर?

पाणभेक
हात ओले हवेत. साबण, डासांचं मलम लावलेलं नको. तोंड ज्या दिशेला, त्याच बाजूच्या कडेला सोडा. बरेच जण उलट नेतात, मग तो परत रस्त्यावर येतो. नर पाठीवर असेल तर जोडी सोडवू नका. भेक धरल्यावर डोळ्यांना हात लावू नका, चीक झोंबतो. देवगांडुळाला गांडूळ किंवा साप समजून सोडून देतात. तो बुळबुळीत असतो, ओल्या पानावर घेऊन हलवा.

बेडकांना आजार करणारी कायट्रिड बुरशी पश्चिम घाटात सापडलेली आहे. दुसऱ्या ठिकाणाहून येताना बूट घासून पूर्ण वाळवा.

मोरीवाला
वनखात्याला आधी कळवा, कुंपणाला परवानगी लागेलच. वळणावर आणि धुक्यात कोणी रस्त्यावर उतरायचं नाही, रिफ्लेक्टर जाकीट सगळ्यांना, गाड्या अडवायच्या नाहीत. मेलेलेही मोजा: तारीख, वेळ, किलोमीटरच्या दगडापासूनचं अंतर. पुढच्या वर्षी नवी मोरी कुठे मागायची ते त्यावरूनच ठरेल.